गप्प झालेला जखमी : शॉकविषयी थोडं



'शॉक' हा शब्द आपण तीन अर्थांनी वापरतो. विजेचा शॉक लागतो. वाईट बातमी ऐकून शॉक बसतो. आणि तिसरा, जो अतिदक्षता विभागाच्या दारात उभे राहून डॉक्टर सांगतात : "पेशंट शॉकमध्ये आहे." हे ऐकून नातेवाईक मान हलवतात. त्यांना वाटतं, माणूस घाबरलाय, मनाला धक्का बसलाय, रात्रभर झोप लागली की सावरेल. डॉक्टरांना मात्र म्हणायचं असतं की या माणसाच्या शरीरात रक्त पुरेसं पोचत नाहीये आणि आता एकेक तास मोजून काढायचा आहे. ही गफलत मी नात्यात पाहिली, शेजारी पाहिली, इंदूरला पाहिली, सिकंदराबादला पाहिली. शब्द सगळ्यांना माहीत असतो, म्हणून अर्थ कुणी विचारत नाही.

सुरुवातीलाच सांगतो, मी डॉक्टर नाही. पायदळातला निवृत्त अधिकारी आहे. हे भाषण माझ्या एका भूलतज्ज्ञ मित्रानं वाचून दुरुस्त करून दिलं आहे, तेव्हा वैद्यकीय भाग त्याच्या भरवशावर ऐका. या विषयाच्या मागे मी का लागलो, ते आधी सांगतो.

नव्वदच्या दशकाची सुरुवात. मी कॅप्टन होतो, पलटण पूर्वेकडच्या डोंगरात. एका सकाळी आमची थ्री टन गाडी रस्त्यावरून घसरून खाली नाल्यात गेली. पंधरा-वीस फूटच, पण गाडी कलंडली आणि मागे बसलेले आठ जण एकमेकांवर आणि रेशनच्या पेट्यांवर आदळले. मी मागच्या जीपमध्ये होतो. खाली उतरलो तेव्हा एक जवान जीव जाईल असा ओरडत होता. त्याच्या हाताचं हाड मोडून कातडीबाहेर आलं होतं, बाही रक्तानं भिजली होती. बाकीच्यांना खरचटलेलं, मुका मार. आणि एक शिपाई, साताऱ्याकडचा, दगडाला टेकून बसला होता. डाव्या बरगडीवर ओरखडा, बाकी काही नाही. मी विचारलं, "काय रे, कुठं लागलं?" म्हणाला, "काही नाही साहेब, ठीक हाय."

जीप एकच. आडवा झोपवायचा तर माणूस एकच जाणार. मी हात मोडलेल्याला पाठवला.

नर्सिंग असिस्टंटनं बाकीच्यांना तपासलं. साताऱ्याच्या पोराचं बीपी ११० वर ९२. "बीपी ठीक आहे साहेब," तो म्हणाला. नाडी १२८ होती. आम्ही दोघांनी ठरवलं की घाबरलाय, गाडी उलटल्यावर कुणाचीही नाडी धावेल. त्यानं पाणी मागितलं, मी माझ्या बाटलीतलं दिलं. पुन्हा मागितलं, पुन्हा दिलं. मग तो जरा चुळबुळ करायला लागला. बसवलं तर आडवं व्हायचं म्हणे, आडवं केलं तर उठायचं म्हणे. एकदा मी त्याचा हात धरला तेव्हा तो थंड आणि ओलसर लागला, पण थंडीच होती, सगळ्यांचेच हात थंड होते. दुसरी गाडी यायला सव्वा तास लागला. तोपर्यंत तो गप्प झाला होता आणि मला बरं वाटलं होतं की चला, शांत झाला. वाटेतच तो गेला. प्लीहा फुटली होती. पोटात दोन लिटरच्या वर रक्त निघालं. अंगाबाहेर एक थेंब नव्हता.

हात मोडलेला जवान दीड महिन्यात ड्यूटीवर परत आला. त्याला दुसऱ्या फेरीत पाठवला असता तरी तो आलाच असता.

साताऱ्याला पत्र मीच लिहिलं. अपघात, पोटाला मार, वाटेत निधन. सगळं खरं होतं. कुणाला आधी पाठवलं, ते मी लिहिलं नाही.

आमच्या आरएमओ साहेबांनी, म्हणजे पलटणीच्या डॉक्टरांनी, मला दोष दिला नाही. एका संध्याकाळी त्यांनी कागद घेतला आणि ११० वर ९२ असं लिहून विचारलं, "यात काय दिसतं?" मी म्हटलं, वरचा आकडा चांगला आहे. ते म्हणाले, "खालचा बघा." वरच्या आणि खालच्या आकड्यात साधारण चाळीसचा फरक असतो. इथे अठरा. ही शरीराची बोंब होती आणि आपल्याला ती वाचता आली नाही.

आता ती कशी वाचायची ते पाहू.

शॉक म्हणजे बीपी कमी होणं, असं आपण समजतो. बीपी कमी होणं हे त्याचं एक चिन्ह आहे, आणि बहुतेक वेळा उशिरा येणारं चिन्ह. शॉक म्हणजे शरीरातल्या पेशींना लागेल तेवढा प्राणवायू रक्तातून न मिळणं. प्राणवायू नाही म्हणून पेशी दुसऱ्या, कमअस्सल मार्गानं ऊर्जा तयार करतात. त्यातून लॅक्टिक आम्ल साठतं, रक्त आम्लधर्मी होत जातं. ही अवस्था लांबली तर मूत्रपिंड, आतडं, यकृत असे एकेक अवयव मान टाकतात. एका टप्प्यापर्यंत गाडी मागे फिरवता येते. त्यापुढे गेलं की रक्त भरलं, औषधं दिली तरी माणूस हाती लागत नाही.

मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं. त्यातलं एक लिटर गेलं तरी निरोगी तरुणाचं वरचं बीपी जवळपास जागेवर असू शकतं. कारण शरीर लगेच कामाला लागतं. हृदय जोरात धावतं. कातडी, आतडं, मूत्रपिंड यांच्याकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि असेल तेवढं रक्त मेंदूकडे आणि हृदयाकडे वळवलं जातं. वाहिन्या आवळल्या म्हणून खालचा आकडा वर चढतो. कातडीला रक्त नाही म्हणून हातपाय थंड. मूत्रपिंडाला रक्त नाही म्हणून लघवी कमी. तहान लागते. श्वास वाढतो. मेंदूला थोडं कमी पडायला लागलं की माणूस आधी अस्वस्थ होतो, नंतर गुंगतो. माझ्या समोर हे सगळं एकेक करून झालं होतं. साधारण तीस टक्के रक्त गेलं, म्हणजे दीड लिटर, की मग बीपी पडायला लागतं. तरुण, कसलेल्या शरीराच्या माणसात तर हा बांध फारच उशिरा फुटतो, पण फुटला की एकदम फुटतो. जवान जितका धट्टाकट्टा, तितका तो आपल्याला जास्त वेळ फसवतो.

उलट बाजूही सांगतो. बीपीसाठी किंवा हृदयासाठी बीटा ब्लॉकर जातीच्या गोळ्या घेणारे जे आपल्या वयाचे लोक आहेत, त्यांची नाडी वाढतच नाही. ती औषधानं बांधलेली असते. आणि ज्याचं बीपी एरवी १६० असतं, त्याला ११० म्हणजे कमीच. घरात कुणी असं असेल तर त्यांचा नेहमीचा आकडा आणि गोळ्यांची नावं एका चिठ्ठीवर लिहून पाकिटात ठेवा.

एक सोपा हिशेब डॉक्टर मंडळी करतात : नाडीला वरच्या बीपीनं भागायचं. निरोगी माणसात उत्तर अर्ध्याच्या थोडं वर येतं, ०.५ ते ०.७. एकच्या पुढे गेलं तर मामला गंभीर. १२८ भागिले ११०, करून बघा.

या शब्दाचा आणि आमच्या पेशाचा संबंध जुना आहे. ल द्रान नावाच्या फ्रेंच शल्यचिकित्सकानं १७३७ साली बंदुकीच्या जखमांवर पुस्तक लिहिलं आणि १७४३ मध्ये त्याचं इंग्रजी भाषांतर झालं. वैद्यकात 'शॉक' हा शब्द आला तो तिथून. त्याचा अर्थ तेव्हा खरोखरच धक्का असा होता, गोळीनं शरीराला दिलेला हादरा. पुढे दीडशे-पावणेदोनशे वर्षं डॉक्टरही याच समजुतीत राहिले की जखमेनं मज्जासंस्था थकते आणि माणूस मरतो. तेव्हा नातेवाइकांना हसू नका. पहिल्या महायुद्धात गोंधळ आणखी वाढला, कारण चार्ल्स मायर्स यांनी १९१५ मध्ये 'शेल शॉक' हा शब्द छापला, आणि तो मनाच्या आजाराचा होता. एकाच खंदकातले दोन जवान, एक रक्त जाऊन मरतोय, दुसऱ्याचे हात थरथरतायत, दोघांच्या आजाराच्या नावात शॉक.

त्याच युद्धात वॉल्टर कॅनन हे अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञ फ्रान्समध्ये आघाडीजवळच्या रुग्णालयात जाऊन बसले आणि जखमींची मोजमापं घेऊ लागले. बीपी पडलेल्यांच्या रक्तात आम्ल वाढलेलं असतं, हे त्यांनी दाखवलं. त्यांनी आणखी एक गोष्ट लिहून ठेवली, जी पुढे विसरली गेली आणि सत्तर-ऐंशी वर्षांनी पुन्हा शोधावी लागली : रक्तस्राव थांबवण्याआधी नुसतं बीपी वर चढवलं तर जखमेवर धरलेली गुठळी सुटते आणि उरलंसुरलं रक्तही जातं. तेव्हा शिरेतून काय द्यायचं, हाही प्रश्नच होता. बेलिस यांनी मिठाच्या पाण्यात डिंक विरघळवून दिला. बाभळीच्या जातीच्या झाडाचा डिंक, म्हणजे आपल्या लाडवातल्या डिंकाचा भाऊबंदच. फार उपयोग झाला नाही. १९१७ मध्ये ऑस्वाल्ड रॉबर्टसन यांनी आधी काढून ठेवलेलं रक्त बर्फात जपून, दारूगोळ्याच्या रिकाम्या पेट्यांतून आघाडीवर नेलं आणि कांब्रेच्या लढाईत जखमींना दिलं. आजच्या रक्तपेढीचं मूळ तिथे आहे. पुढे १९३० च्या सुमारास आल्फ्रेड ब्लॅलॉक यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून दाखवलं की चेचलेल्या मांडीत आतल्या आत साठलेलं रक्त आणि पाणी मोजलं तर शॉकचा हिशेब तिथेच लागतो. विष नाही, मज्जातंतूंचा हादरा नाही, साधा तुटीचा हिशेब. मला हे वाचताना माझा दगडाला टेकून बसलेला शिपाई आठवतो. १९३० मध्ये माहीत झालेली गोष्ट मला साठ वर्षांनी माहीत नव्हती.

आता प्रकार. सोसायटीतल्या पाणीपुरवठ्याचं उदाहरण घ्या, तिथे भांडणं झालेली असल्यामुळे ते सगळ्यांना कळतं. वरच्या मजल्यावर पाणी येत नाही. कारणं चार असू शकतात. टाकीत पाणी नाही. मोटर बिघडली. सगळ्या मजल्यांचे नळ एकाच वेळी उघडले म्हणून दाब उरला नाही. किंवा पाइपमध्ये काहीतरी अडकलं. शॉकचे मुख्य प्रकार हेच चार.

टाकी रिकामी होणं रक्तस्रावानंच होतं असं नाही. पटकीत, म्हणजे कॉलऱ्यात, माणूस एका दिवसात अंगातलं दहा-दहा लिटर पाणी गमावू शकतो आणि एक थेंब रक्त न सांडता शॉकमध्ये जातो. १९७१ मध्ये पूर्व बंगालमधून लाखो निर्वासित आले तेव्हा बनगावच्या छावणीत हेच चाललं होतं. शिरेतून द्यायचं सलाईन संपत आलं तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज यांचं पाणी पिंपातून प्यायला द्यायला सुरुवात केली. नातेवाईकच मग भरभरून पाजत होते. छावणीतलं मरणाचं प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास होतं, ते चारच्या खाली आलं. आपण आज ज्याला ओआरएस म्हणतो त्याची ही सर्वांत मोठी परीक्षा होती. मात्र एक लक्षात घ्या. ओआरएस शॉकपर्यंत जाऊ नये म्हणून असतं. ज्याची नाडी हाताला लागत नाही, जो गुंगला आहे, त्याला शिरेतूनच पाणी लागतं आणि ते तासाच्या आत लागतं.

डेंग्यूमध्ये टाकी वेगळ्या रीतीनं रिकामी होते. रक्तवाहिन्यांना जणू बारीक पाझर फुटतो आणि रक्तातलं पाणी पोटात, छातीत झिरपतं. इथे घरच्यांची चूक नेहमी एकाच ठिकाणी होते. तीन ते सात दिवसांत ताप उतरतो आणि सगळे म्हणतात, सुटलो. पाझर नेमका तेव्हाच सुरू होतो. पोटात दुखणं, थांबत नाही अशी उलटी, थंडगार हातपाय, गळून जाणं, लघवी कमी, यांतलं काही ताप उतरताना दिसलं तर त्याच तासाला दवाखान्यात. आणि बीपी मोजलं तर दोन आकड्यांतला फरक बघा. वीस किंवा त्याहून कमी असेल तर तो शॉक आहे, वरचा आकडा कितीही गोड दिसो. आपण सगळे प्लेटलेटच्या आकड्यामागे धावतो, पपईच्या पानांचा रस शोधतो. डॉक्टरांची नजर मात्र हिमॅटोक्रिटवर असते, म्हणजे रक्त किती दाट झालं त्यावर. रक्त दाट होतंय याचा अर्थ पाणी निघून जातंय.

मोटर बिघडणं म्हणजे हृदयविकाराचा मोठा झटका. हृदयाचा बराचसा स्नायू मेला की टाकी भरलेली असूनही दाब मिळत नाही. इथे पाण्याची बाटली लावून फायदा नाही, जास्त लावली तर पाणी फुप्फुसात साठतं. बंद पडलेली हृदयाची रक्तवाहिनी उघडणं हाच उपाय, आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानं ते पक्कं केलं. आपल्याकडे छातीत दुखलं की शेजारचे काका खिशातून सॉर्बिट्रेट काढून जिभेखाली ठेवतात. त्या गोळीनं बीपी आणखी खाली येतं. माणूस घामाघूम, थंड, भोवळ येत असेल तर ती गोळी देऊ नका, गाडी बोलवा.

नळ सगळे उघडणं, म्हणजे रक्तवाहिन्या सैल पडणं. याच्यात तीन भावंडं आहेत. जंतुसंसर्गानं होणारा सेप्टिक शॉक सगळ्यांत जास्त दिसतो. वयस्कर माणसात लघवीचा साधा संसर्गही इथपर्यंत पोचतो, कधीकधी ताप न येता. आजी सकाळपासून बरळतायत, श्वास भरभर चाललाय, लघवी झालेली नाही, यावरून ओळखायचं. सुरुवातीला हात गरम लागतात, त्यामुळे फसायला होतं. प्रतिजैविक एका तासाच्या आत मिळालं पाहिजे, असा आजचा नियम आहे.

दुसरा ॲलर्जीचा. १९०२ मध्ये रिशे आणि पोर्तिए यांना कुत्र्यांवरच्या प्रयोगात तो सापडला. समुद्रफुलाचं विष पहिल्यांदा सोसलेलं कुत्रं दुसऱ्या वेळी अगदी थोड्या विषानं मिनिटांत मेलं. रिशे यांना १९१३ मध्ये नोबेल मिळालं. आपल्याला हा भेटतो तो पेनिसिलीनच्या सुईतून, शेंगदाण्यातून किंवा किल्ल्यावर आग्या मोहोळ उठलं तर. औषध एकच, ॲड्रिनलिन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत, ताबडतोब. ॲलर्जीच्या गोळीची वाट बघायची नाही. आणि बीपी पडलेल्या अशा माणसाला एकदम उठवून उभं करू नका. उभं राहताक्षणी हृदयाकडे परतणारं रक्त पायांत उतरतं आणि माणूस जागीच जातो, असं अनेकदा घडलेलं आहे.

तिसरा, मणक्याला मार लागून होणारा. तो सगळ्या नियमांना अपवाद. बीपी कमी, पण नाडी मंद आणि कातडी कोरडी, ऊबदार.

पाइपमध्ये अडकणं. छातीत हवा कोंडून फुप्फुस दाबलं जातं, हृदयाभोवतीच्या पिशवीत रक्त साठतं किंवा पायातली गुठळी सुटून फुप्फुसाच्या वाहिनीत जाऊन बसते. हे शेवटचं आम्हाला उंचीवर जवळून माहीत आहे. अतिउंचावर महिनोन्‌महिने राहिलेल्या जवानांत गुठळ्या जास्त होतात. कोंडलेली हवा सुईनं मोकळी केली की काही सेकंदांत माणूस परत येतो. सलाईनच्या दहा बाटल्यांनी येत नाही.

म्हणजे 'शॉक आहे, सलाईन लावा' हे अर्धंच उत्तर झालं. याचं सगळ्यांत चांगलं उदाहरण आपल्या महाडचं आहे. कोकणातला लाल विंचू चावला की माणसं, विशेषतः लहान मुलं, थंडगार घामानं भिजायची, फुप्फुसात पाणी भरायचं, तोंडाला फेस यायचा आणि जायची. डॉ. हिम्मतराव बावस्कर प्राथमिक आरोग्य केंद्रात रात्र रात्र अशा रुग्णांच्या उशाशी बसले. त्यांच्या लक्षात आलं की विषामुळे सगळ्या रक्तवाहिन्या घट्ट आवळल्या जातात आणि त्या दाबाविरुद्ध ढकलून ढकलून हृदय थकतं. मरायला टेकलेल्या माणसाला त्यांनी प्राझोसिन दिलं, जे बीपी उतरवायचं औषध आहे! ऐकणाऱ्याला वेडेपणा वाटावा, पण मुलं वाचू लागली. ऐंशीच्या दशकात त्यांचे लेख 'लॅन्सेट'मध्ये आले आणि २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. आधी कारण ओळखलं, मग बाटलीकडे हात नेला.

कारण ओळखणं डॉक्टरांचं काम. आपलं काम त्याआधीच्या अर्ध्या तासाचं.

रक्त दिसतंय तिथे स्वच्छ कापड घेऊन पूर्ण वजन टाकून दाबा आणि दहा मिनिटं उचलून बघू नका. हातापायाची जखम दाबूनही थांबत नसेल तर जखमेच्या वर तीन-चार बोटं रुंद पट्टी बांधून काडीनं पिळा, सांध्यावर नको, आणि वेळ कपाळावर पेननं लिहा. आम्ही असंच करतो. माणसाला आडवं ठेवा, पांघरूण घाला. जखमी थंड पडला की रक्त गोठायचं थांबतं, मग आणखी वाहतं. पाणी, चहा, ब्रँडी, काही पाजू नका, त्याला कदाचित तासाभरात ऑपरेशन लागेल. मी बाटली दिली होती, हे सांगितलंच.

हॉस्पिटलात गेल्यावर डॉक्टर ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड देतील. साधं, स्वस्त औषध. २०१० साली चाळीस देशांतल्या वीस हजारांवर जखमींवर त्याची चाचणी झाली, त्यात आपला देशही होता. पहिल्या तीन तासांत दिलं तर जीव वाचतात, तीन तासांनंतर उलट तोटा होऊ शकतो. बाळंतपणातल्या रक्तस्रावातही ते आज वापरतात. पोचायला किती वेळ लागला, यावर ते औषध राहतं की जातं हे ठरतं.

तपासायचं कसं? जखमीचं नख पाच सेकंद दाबा आणि सोडा. दोन सेकंदांत गुलाबी व्हायला हवं. थंडीत ही खूण चुकते, मग कपाळावर किंवा छातीवर दाबून बघा. श्वास मोजा. नाव, गाव विचारा, आणि पाच मिनिटांनी पुन्हा विचारा. पहिलं उत्तर कसं आलं यापेक्षा दुसरं उत्तर पहिल्याच्या मानानं कसं आलं, ते महत्त्वाचं.

पुढे मी कंपनी कमांडर झालो, मग पलटण सांभाळली. आम्ही दर वर्षी जखमी उचलण्याचा सराव घ्यायचो. मी एका जवानाला खोटं रक्त लावून जोरात ओरडायला सांगायचो आणि दुसऱ्याला पोटात रक्तस्राव आहे असं गृहीत धरून झाडाखाली गप्प बसवायचो. त्याच्या खिशात चिठ्ठी, 'नाडी १३०, हात थंड'. पंधरा वर्षांत एकदाही असं झालं नाही की नवीन तुकडी पहिल्या फेरीत झाडाखाली गेली. सगळे ओरडणाऱ्याकडे धावायचे. दुसऱ्या वर्षी तीच पोरं बरोबर झाडाखाली जायची आणि आधी खिसा तपासायची, तेव्हा मला चिठ्ठी लपवायची जागा बदलावी लागे.

शेवटी एक कायद्याचं. रस्त्यावर जखमी दिसला तर लोक पोलिसांच्या भीतीनं थांबत नाहीत. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम घातलं गेलं. मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही, आणि स्वतःचं नाव सांगायचीही सक्ती नाही. ११२ लावा, बऱ्याच राज्यांत १०८ वर ॲम्ब्युलन्स मिळते. फोनवर जखमींची संख्या सांगा आणि सांगताना जो बोलत नाही त्याच्याविषयी आधी सांगा.